मनात घर करणारी भयकथा कशी लिहावी

वाचक दचकला म्हणजे भयकथा साधली, असे नवोदित लेखकाला हमखास वाटते. वास्तविक दचकवणे सोपे आहे. वाऱ्याने दार आपटले तरी माणूस दचकतो, छाती धडधडते आणि पुढच्या मिनिटाला तो चहाचा कप उचलतो. वाचून आठवडा लोटल्यावर, दिवा मालवताना किंवा जिन्यावरून एकट्याने उतरताना जी कथा अचानक आठवते, तिची बांधणी निराळी असते. ही बांधणी प्रतिभेवर सोडून देण्याची गरज नाही, कारण तिचा बराचसा भाग विचारपूर्वक ठरवता येतो. तो कसा ठरवावा, याचे विवेचन पुढे केले आहे. सोयीसाठी एक छोटी कथा आरंभापासून रचत नेऊ, म्हणजे प्रत्येक सूचना कशासाठी आहे ते कळेल.

सर्वप्रथम, भीती कुठे टिकते ते पाहावे. १९६० सालचा ‘सायको’ पाहिल्यानंतर अनेक प्रेक्षकांना न्हाणीघरात पडदा ओढून आंघोळ करणे नकोसे झाले, १९७५ सालच्या ‘जॉज’नंतर कित्येकांनी समुद्रात पाय टाकायचे सोडले, १९९८ सालच्या ‘रिंगू’ या जपानी चित्रपटाने घरातला दूरदर्शन संच आणि टेलिफोनची घंटा या दोन गोष्टींवरच भीती नेऊन बसवली. क्रिस्टन हॅरिसन आणि जोआन कँटर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणी पाहिलेल्या भीतिदायक दृश्यांविषयी विचारले होते, तेव्हा बहुतेकांना असा एखादा अनुभव आठवला आणि सुमारे एक-चतुर्थांश विद्यार्थ्यांच्या मनातून त्याचा परिणाम अजून पुरता गेलेला नव्हता. वर सांगितलेल्या तिन्ही चित्रपटांत भीती एखाद्या दूरच्या किल्ल्याला चिकटलेली नाही. आंघोळ, समुद्र, टेलिफोन या गोष्टींशी प्रेक्षकाची गाठ पुन्हा पडणारच होती, आणि पडली की दृश्य आपोआप उभे राहणार होते. म्हणून कथानक सुचण्याआधी लेखकाने एकच प्रश्न स्वतःला विचारावा : कथा मिटून ठेवल्यावर माझा वाचक कशाला हात लावणार आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना पडके वाडे, स्मशाने आणि अमावास्येची रात्र बाजूला ठेवावी. आपल्या वाचकांपैकी बहुसंख्य लोक दोन खोल्यांच्या सदनिकेत राहतात, आणि पडक्या वाड्याची भीती त्यांच्या लेखी पर्यटनापुरती असते. त्याऐवजी घरातून एक फेरी मारून निरुपद्रवी वस्तूंकडे पाहावे : दाराची कडी, देवघरातले निरांजन, कपाटाचा आरसा, दोरीवर वाळत घातलेला सदरा, उशाशी ठेवलेले तांब्याभांडे. निवड करताना दोन कसोट्या लावाव्यात. ती वस्तू रोज, शक्यतो रात्री, हाताळली जाणारी असावी. आणि ती ठेवण्याची रीत इतकी ठरलेली असावी की तीत तसूभर फरक पडला तरी तो डोळ्यांत भरावा. तांब्याभांडे या दोन्ही कसोट्यांना उतरते. तांब्या भरलेला, त्यावर भांडे पालथे घातलेले. ते सुलटे होऊन शेजारी आले, तर कोणीतरी पाणी प्यायले आहे, यापलीकडे दुसरा अर्थ निघत नाही. आपल्या कथेसाठी आपण हेच घेऊ. ज्या घरात तांब्याभांडे उरलेले नाही तिथेही रात्री उशाशी पाणी असतेच, आणि तहान सगळ्यांनाच लागते.

वस्तू मिळाली म्हणजे कथा मिळाली असे नाही. त्या वस्तूखाली एखादी खरी, माणसाची गोष्ट असावी लागते. आपल्याकडच्या लोकसमजुतींनी हे फार पूर्वी ओळखले आहे. मुंज होऊन सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, इच्छा अपुरी राहिलेला माणूस समंध होतो. कोकणातल्या आणि इतरत्रच्या भुतांची यादी म्हणजे एका अर्थाने अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची यादी आहे. नवे लेखक या यादीतून नावे उचलतात आणि नेमका तो अपुरेपणा मागे ठेवतात, त्यामुळे उलट्या पावलांची हडळ नुसती वेशभूषा होऊन बसते. घ्यायचाच झाला तर अपुरेपणा घ्यावा आणि नाव सोडून द्यावे. आपल्या कथेत एका मुलाचे वडील रुग्णालयात वारले आहेत. शेवटचे दोन दिवस ते पाणी मागत होते, डॉक्टरांची मनाई होती, आणि मुलगा कापसाच्या बोळ्याने त्यांचे ओठ ओले करत ‘आता नको, डॉक्टर नाही म्हणतात’ एवढेच म्हणत राहिला. त्याचे काही चुकलेले नाही, हे त्याला आणि आपल्याला दोघांनाही ठाऊक आहे. तरीही अशी गोष्ट माणसाला आयुष्यभर पुरते, आणि ज्या वाचकाने कधी रुग्णालयात रात्र काढली आहे त्याला ती सांगावीही लागत नाही. वर्षश्राद्धानंतर हा मुलगा वडिलांच्या खोलीत झोपू लागतो आणि तिथून कथा सुरू होते.

आता नियम ठरवावा. अमानवी गोष्ट कितीही विलक्षण असली तरी तिला मर्यादा हवी, कारण जी शक्ती काहीही करू शकते तिच्याविषयी वाचकाला काही अदमास बांधता येत नाही, आणि जिथे अदमास नाही तिथे भीतीही फार काळ टिकत नाही. २०१८ सालच्या ‘तुंबाड’ या चित्रपटातील हस्तर हा शापित देव लक्षात राहतो तो केवळ त्याच्या रूपामुळे नव्हे. त्याला सोन्यावर हक्क आहे पण अन्न वर्ज्य आहे. म्हणून पिठाचे रिंगण त्याला अडवते आणि पिठाची बाहुली त्याला भुलवते. एवढा साधा व्यवहार प्रेक्षकाला समजलेला असल्यामुळे, पुढे लोभापायी कोणी या व्यवहारात हिशेब वाढवू पाहिला की काय होणार ते पडद्यावर घडण्याआधीच प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. आपल्या कथेचा नियम याहूनही लहान ठेवू : पाणी रात्रीच प्यायले जाते, झाकलेल्या तांब्यातलेच प्यायले जाते, आणि मुलगा त्या खोलीत झोपलेला असेल तेव्हाच. नियम कथेत कोणाच्या तोंडी घालू नये. सर्व जाणणारा मांत्रिक, वाड्याचा म्हातारा नोकर किंवा पोथी सापडलेला प्राध्यापक ही मंडळी बराच काळ मराठी भयकथेत हे काम करत आली आहेत आणि त्यांना आता विश्रांती द्यायला हरकत नाही. घटना दोनदा तशाच घडल्या आणि एकदा घडल्या नाहीत, की वाचक नियम स्वतः काढतो. आणि स्वतः काढलेल्या निष्कर्षावर माणसाचा विश्वास अधिक बसतो.

घटनांचा क्रम लावताना एम. आर. जेम्स या इंग्रज भूतकथाकाराची सूचना उपयोगी पडते. वातावरण आणि हळूहळू चढत जाणारा आलेख, या दोन गोष्टी भूतकथेत सर्वांत मोलाच्या आहेत, असे त्याने १९२४ साली एका संग्रहाच्या प्रस्तावनेत मांडले होते. चढ हळू असावा म्हणजे पहिली घटना इतकी किरकोळ असावी की कथेतील पात्राने तिच्याकडे दुर्लक्ष केले तर ते वाचकाला शहाणपणाचे वाटावे. यासाठी एक कामचलाऊ पद्धत सुचवितो. कागदाची उभी घडी घालून डावीकडे घटनेचे साधे कारण आणि उजवीकडे दुसरे, अमानवी कारण लिहीत जावे. भांडे सुलटे सापडले : आपणच अर्धवट झोपेत पाणी प्यायलो असू. दुसऱ्या रात्री पुन्हा तसेच झाले : उकाडा आहे. तिसऱ्या रात्री भांड्याच्या तळाशी घोटभर पाणी उरलेले दिसले, आणि वडिलांना भांड्यात घोटभर पाणी ठेवायची सवय होती : बापाच्या सवयी मुलात येतातच. कथेचा तीन-चतुर्थांश भाग होईपर्यंत दोन्ही बाजू तितक्याच भक्कम राहिल्या पाहिजेत. त्झ्वेतान तोदोरोव या समीक्षकाने १९७० साली अद्भुत साहित्याचे विवेचन करताना वाचकाच्या याच दोलायमान अवस्थेला केंद्रस्थानी ठेवले होते. डावी बाजू ज्या घटनेपाशी रिकामी राहते, ती घटना एक तर मागे न्यावी किंवा काढून टाकावी. बहुतेक कच्च्या कथांमध्ये डावी बाजू दुसऱ्याच पानावर संपलेली असते, आणि मग उरलेली दहा पाने लेखकाला आवाज वाढवत न्यावा लागतो.

आवाज वाढवणे म्हणजे काय, ते वाक्याच्या पातळीवर पाहावे. पहिल्या खर्ड्यात साधारण असे वाक्य येते : ‘त्या भयाण, काळ्याकुट्ट रात्री त्या खोलीत काहीतरी विचित्र, अमानवी घडत होते आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा उभा राहिला.’ या वाक्यात वाचकाने पाहावे असे काहीही नाही. त्याला काय वाटावे याच्या आज्ञा मात्र भरपूर आहेत. त्याजागी असे लिहून पाहावे : ‘सहा वाजता त्याला जाग आली तेव्हा भांडे तांब्यावर नव्हते. ते खिडकीच्या बाजूला, वडिलांचा हात सहज पोचे त्या कडेला ठेवलेले होते, आणि त्याच्या तळाशी घोटभर पाणी होते.’ दुसऱ्या लेखनात एकही भीतिवाचक शब्द नाही. खिडकीची बाजू आणि घोटभर पाणी या दोन तपशिलांवर सगळा भार आहे, आणि तो त्यांना पेलतो, कारण ते तपशील विशिष्ट माणसाचे आहेत. खर्डा पूर्ण झाल्यावर भयाण, गूढ, विचित्र, अनामिक, अमानुष ही विशेषणे शोधून एकेक खोडावी आणि खोडल्यावर वाक्य उभे राहते का ते पाहावे. ‘कोणीतरी’ आणि ‘काहीतरी’ या शब्दांवरही नजर ठेवावी. एका कथेत ते फार तर एकदोनदा शोभतात. ध्वनिवाचक शब्दांची आपल्या भाषेत चंगळ आहे, त्यामुळे करकर, खळकन, धप्प, सळसळ यांची रेलचेल करण्याचा मोह होतो. कथेला एकच आवाज द्यावा. आपल्या कथेत तो पितळेवर पितळ टेकल्याचा बारीक आवाज आहे, आणि तो एकदाच, मुलगा जागा असताना ऐकू यावा.

संवाद मात्र निवेदनासारखे प्रमाणभाषेत लिहू नयेत. सांगलीकडच्या घरातली सून सासऱ्यांच्या खोलीविषयी ज्या शब्दांत बोलेल त्याच शब्दांत तिला बोलू द्यावे. भीतीच्या प्रसंगात पात्रे एकाएकी ग्रंथातल्यासारखी बोलू लागली की वाचक कथेबाहेर येतो, आणि त्याला पुन्हा आत घेणे अवघड असते.

किती दाखवावे आणि किती झाकावे, हा या प्रकारातला सर्वांत जुना वाद आहे. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज याच्या १९०२ सालच्या ‘द मंकीज पॉ’ या कथेचे उदाहरण यासाठी अभ्यासावे. यंत्रात सापडून छिन्नविच्छिन्न झालेल्या मुलाला आईच्या हट्टावरून, तीन इच्छा पुरवणाऱ्या माकडाच्या पंजाकडे परत मागितले आहे, दारावर थाप पडते आहे, आई अडसर काढण्यासाठी धडपडते आहे, आणि दार उघडण्याआधी बाप शेवटची इच्छा मागून मोकळा होतो. दार उघडते तेव्हा रस्ता रिकामा असतो. दाराबाहेर काय उभे होते ते लेखकाने सांगितले नाही, हे खरे. पण मुलाचा मृत्यू कसा झाला, पुरून किती दिवस झाले, कपड्यांवरूनच त्याची ओळख कशी पटली, हे सर्व त्याने आधी अत्यंत काटेकोरपणे सांगून ठेवले आहे. झाकण्याचा अर्थ असा आहे. आधी नेमके साहित्य पुरवावे आणि शेवटचे चित्र वाचकाला काढू द्यावे. काहीच न पुरवता सगळेच धुक्यात ठेवणाऱ्या कथा हल्ली पुष्कळ दिसतात; त्यांत संयम कमी आणि आळस जास्त असतो, असे माझे मत आहे.

शेवट हे सर्वांत अवघड काम. वेताळपंचविशीची रचना येथे आठवावी. शेवटची सोडली तर प्रत्येक गोष्टीच्या शेवटी वेताळ प्रश्न विचारतो, राजाला उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर दिले की प्रेत पुन्हा झाडावर जाऊन लटकते. म्हणजे गोष्ट संपते पण काम संपत नाही. मनात राहणाऱ्या कथेचा शेवट असाच काम शिल्लक ठेवणारा असावा. आपल्या कथेला तीन शेवट पटकन सुचतात. पहिला, मुलगा जागा राहतो आणि त्याला वडील दिसतात. हा शेवट प्रश्नाचे उत्तर देऊन टाकतो, त्यामुळे वाचक निश्चिंत होतो. दुसरा, घरातली लहान मुलगी सकाळी म्हणते की आजोबा माझ्या बाटलीतले पाणी पितात. हा परिणामकारक आहे, पण लहान मुलाला भूत दिसणे ही युक्ती इतकी वापरून झाली आहे की अनुभवी वाचक ती मुलगी कथेत आल्याक्षणीच शेवट ओळखेल. तिसरा शेवट असा : एका सकाळी भांडे जागच्या जागी पालथे असते, तांब्या काठोकाठ भरलेला असतो, आणि मुलाला अनेक दिवसांनी हलके वाटते. चहा घेताना बायको सहज विचारते, ‘रात्री कोणाशी बोलत होतात हो? सारखं आपलं आता नको, आता नको, डॉक्टर नाही म्हणतात...’ कथा येथे थांबवावी. पुढे एक शब्दही लिहू नये. मुलाचा चेहरा पांढरा पडल्याचे तर मुळीच लिहू नये.

या शेवटात कोणतेही भूत दिसत नाही, तांब्यातले पाणी न प्यायले गेल्याचे कारण मात्र आता वेगळे झाले, आणि दिलासा देणारी सकाळच सर्वांत वाईट ठरली. डावीकडची बाजूही शाबूत आहे, कारण माणूस झोपेत बोलतोच. कथेच्या आरंभी रुग्णालयातले जे वाक्य आपण वाचकाला दिले होते तेच इथे जसेच्या तसे आले पाहिजे. त्यासाठी ते आरंभी एकदाच आणि ठळक न करता यावे. दोनदा आले तर वाचक सावध होतो.

काही गोष्टी टाळाव्यात. सगळे स्वप्न होते, किंवा निवेदक वेडा होता, हे शेवट वाचकाचा वेळ घेऊन त्याला पैसे परत न करणारे आहेत. चेटकीण, करणी, भानामती यांवर कथा बेतताना विशेष जबाबदारी घ्यावी. करणी केल्याच्या संशयावरून आपल्याकडे खऱ्या बायकांना मारहाण झाली आहे, आणि अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. गावातल्या एकट्या विधवेला खलनायिका करणारी कथा भीतीपेक्षा जुना पूर्वग्रहच अधिक पसरवते. शिवाय अशी कथा सहसा फसतेही, कारण गुन्हेगार ठरलेले पात्र शेवटी संपवले की भीतीही त्याच्याबरोबर संपते.

खर्डा झाल्यावर तो काही दिवस बाजूला ठेवून मग मोठ्याने वाचावा. वर उल्लेखलेला जेम्स केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या सुमारास मित्रांना आपल्या कथा वाचून दाखवत असे, आणि त्या कथांची संथ, बोलल्यासारखी लय कदाचित त्यातूनच आली असावी. मोठ्याने वाचताना जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडावे आणि जिथे स्वतःलाच घाई होते तो परिच्छेद गाळावा. पहिले पान तर जवळपास नेहमीच जास्तीचे असते. गावाचे वर्णन, घराण्याचा इतिहास, पावसाळी संध्याकाळ हे सर्व तिथे साचलेले असते. भांडे सुलटे सापडले, तिथून कथा सुरू करून पाहावी.

मग ती एखाद्या वाचकाला द्यावी, परंतु ‘भीती वाटली का?’ असे लगेच विचारू नये. या प्रश्नाला भिडस्त माणूस होकार देतो आणि पुरुष मंडळी बहुधा नकार. चारपाच दिवस जाऊ द्यावेत आणि सहज बोलता बोलता काय आठवते ते विचारावे. त्याने शेवटची कलाटणी सांगितली तर कथा बरी आहे. त्याने भांड्यातले घोटभर पाणी सांगितले, किंवा रात्री पाणी प्यायला उठताना जरा थबकलो अशी कबुली दिली, तर काम जमले आहे. त्याला केवळ ‘वातावरणनिर्मिती छान होती’ एवढेच आठवत असेल, तर वस्तूच्या निवडीपासून पुन्हा सुरुवात करावी. वाक्ये घासूनपुसून तिथे उपयोग होत नाही.

याच कथेचा लघुपट किंवा ध्वनिनाट्य करायचे असल्यास बहुतेक सूचना तशाच लागू पडतात. पार्श्वसंगीत मात्र शेवटच्या प्रसंगातून पूर्ण काढून टाकावे, कारण ते बायकोच्या वाक्याआधीच काहीतरी होणार असल्याची सूचना देते.

राहता राहिले शीर्षक आणि छपाई. ‘तहान’ हे शीर्षक चालेल, ‘अतृप्त आत्मा’ चालणार नाही, कारण दुसरे शीर्षक अनुक्रमणिकेतच कथा सांगून टाकते. दिवाळी अंकासाठी कथा पाठवायची असेल तर ती दिवाळीच्या पुष्कळ महिने आधी तयार ठेवावी, आणि संपादकांना पाठवताना सोबत एक नम्र विनंती जोडावी : चित्रकाराने वडिलांची धूसर आकृती काढू नये. तांब्याभांडे काढायला हरकत नाही, मात्र भांडे पालथे असावे.